सातेरी या देशी मधमाशीच्या चारपैकी दोन पेट्या रिकाम्या. उरलेल्या दोन कशा वाचवू?

फुगवट्याकाठचा | 19 ऑगस्ट, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मी जावळी तालुक्यातला. आमचं गाव कोयनेच्या फुगवट्याच्या काठी. गेल्या वर्षी मधमाशीपालनाचं दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि सातेरीच्या चार पेट्या ठेवल्या. मार्च ते मे मजेत गेले. जांभूळ फुलला, मग हिरडा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पेटीतला मध चाखला.

आता रडगाणं. 2 ऑगस्टला पहिली पेटी उघडली तर आत एकही माशी नाही. मेलेलीही नाही. पोळी जागच्या जागी, मधाचा थेंब नाही, मध्ये थोडी वाळलेली पिल्लं. 11 तारखेला दुसरीची तीच गत, वर पोळ्यांत पांढऱ्या अळ्या आणि कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. तिसरीत माश्या आहेत, पण निम्म्याच. काही पिल्लं विचित्र दिसतात, घरातून डोकं वर काढून पडल्यासारखी. चौथी बरी वाटते, फक्त चिडकी झाली आहे.

गावात म्हणतात, "इथला पाऊस माणसाला सोसत नाही, माशीला काय सोसणार?" खरंच पावसामुळेच होतंय का? कृपया सांगा. घरच्यांनी पेट्या विकून टाक म्हणून धोशा लावलाय.

---

वेण्णेवरचा_म्हातारा | 19 ऑगस्ट, रात्री 10:25

पाऊस आमच्याकडे महाबळेश्वरात तुमच्याहून जास्तच. पाच-साडेपाच हजार मिलिमीटर कोसळतो, तरी पस्तीस वर्षं पेट्या आहेत. तेव्हा पावसाला सोड. आधी चार प्रश्न.

मे महिन्यात एकूण मध किती काढलास आणि शेवटचा कोणत्या तारखेला? खालच्या पिलावा कक्षातल्या, म्हणजे अंडी-पिल्लं वाढतात तिथल्या, चौकटींना सुरी लावलीस का? पावसाळ्यात पेट्या जागच्या हलवल्यास का? आणि किती दिवसांनी उघडून बघतोस?

खरं सांग. इथं कोणी मारणार नाही.

---

फुगवट्याकाठचा | 20 ऑगस्ट, सकाळी 7:15

चार पेट्यांचा मिळून 22 किलो. शेवटची काढणी 29 मे. हो, खालच्या चौकटींच्या वरच्या भागात मधाच्या जाड पट्ट्या दिसत होत्या, त्याही कापल्या. पाऊस आला की आंबेल, वाया जाईल असं वाटलं.

6 जुलैला फार झोड लागली म्हणून चारही पेट्या परड्यातून उचलून पडवीत आणल्या. चाळीसेक फुटांचं अंतर. आणि दर रविवारी उघडतो. प्रशिक्षणात आठवड्याला पाहणी करा म्हणून सांगितलं होतं.

---

वेण्णेवरचा_म्हातारा | 20 ऑगस्ट, दुपारी 1:50

झालं तर मग. पोरा, तुझ्या पेट्या ऑगस्टात मेल्या नाहीत. त्या 29 मे रोजीच मेल्या, फक्त तुला दोन महिन्यांनी कळलं.

हिशेब बघ. कामाच्या दिवसांत कामकरी माशी महिना-दीड महिना जगते. अंड्यापासून माशी बाहेर पडायला सातेरीत अठरा ते वीस दिवस लागतात. म्हणजे आज पेटीत ज्या माश्या असायला हव्या होत्या, त्यांची अंडी जून-जुलैत पडायला हवी होती. राणी अंडी कधी घालते? घरात मध आणि परागकण असले तर. ते नसले की ती हात आखडते, कामकऱ्या पिल्लं पोसायचं थांबवतात, प्रसंगी अंडी खाऊनही टाकतात. बाहेर तीन-तीन दिवस झड, फुलांत पाणी, माशी बाहेर पडली तरी रिकाम्या पोटी परत येते. अशा वेळी खालच्या कक्षातली ती जाड पट्टीच त्यांची कणगी. ती तू कापून बरणीत भरलीस.

सातेरीचा स्वभाव असा की उपासमारीत ती मरत बसत नाही, घर सोडते. युरोपातून आलेली मेलिफेरा माशी उपाशी मरेल पण बहुधा पेटीत मरेल. सातेरी राणीला घेऊन सरळ रानात जाते. म्हणून पहिल्या पेटीत तुला मेलेल्या माश्या दिसल्या नाहीत.

आमचा नेम साधा आहे. वरच्या मधकक्षातला मध आपला, खालचा माशीचा. आणि वरचासुद्धा शेवटचा काढायचा तो आकाश बघून. हिरड्याचा बहर सरला, वळवाचे दोन पाऊस झाले की हात आखडता घ्यायचा. एखादी चौकट जास्त राहिली तर राहू दे.

पडवीत हलवणं ही दुसरी चूक. माशीला घराची खूण घराच्या रंगारूपापेक्षा जागेवरून असते. चाळीस फुटांवर नेलीस म्हणजे बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी आल्या, घिरट्या घातल्या आणि पावसात भिजून पडल्या. हलवायचीच तर रोज फूटभर सरकवत न्यावी, नाहीतर एकदम दोन-तीन किलोमीटरवर, रात्री दार बंद करून. पावसाळ्याची जागा मेमध्येच ठरवून घ्यायची असते. पेटी पुढच्या बाजूला बोटभर उतरती, म्हणजे आत पाणी साचत नाही. झाकणावर पत्रा नाहीतर प्लास्टिकचा कागद, त्यावर गवताची झापडी, त्यावर दगड. दार लहान करायचं, दोन-तीन माश्या एका वेळी ये-जा करतील इतकंच.

आणि दर रविवारचं उघडणं बंद. ते फेब्रुवारी-मार्चसाठी ठीक. पिलाव्याला 34-35 अंश ऊब लागते. बाहेर 19 अंश आणि धुकं असताना तू झाकण काढून चौकट-चौकट बघतोस म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवतोस. पावसाळ्यात बाहेरूनच वाचायला शिक. उघडीप मिळाली की दाराशी पंधरा मिनिटं बस. पायाला परागकण लावून माश्या आत जातायत का? जात असतील तर आत पिल्लं आहेत, राणी आहे. पेटीच्या बाजूला बोटाने टिचकी मार. सातेरी एकदम "हिस्स" करते आणि गप्प होते. रडल्यासारखा लांबलचक गुंजारव राहिला तर राणीची शंका घ्यायची. तळपाटावरचा कचरा मात्र आठवड्याला काढायचा, तो पेटी न विस्कटता काढता येतो.

दुसऱ्या पेटीतलं जाळं म्हणजे मेणकिडा. पण ती चोरी नाही, ओसाड वाड्यात वटवाघळं येतात तशातला प्रकार. माश्या कमी झाल्या, पोळी उघडी पडली, पतंगाने अंडी घातली. त्याच्या अळीला काळी जुनी पोळी आवडतात, त्यांत कोशांची सालं आणि परागकण असतात. भरल्या पेटीत सातेरी त्याला टिकू देत नाही. आता ती पोळी जाळून टाक. पेटी खरवडून कडक उन्हात ठेव, उन्हं येतील तेव्हा. तोवर खाचांवरून शेकोटीचा जाळ फिरव.

तिसरीचं मी सांगत नाही. फोटो असेल तर टाक. इथं त्यातल्या जाणत्या बाई आहेत.

---

काडेपेटी | 20 ऑगस्ट, दुपारी 4:05

जाणत्या म्हणजे मीच का? :) कीटकशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त.

फोटोची गरज नाही, एक आगकाडी घ्या. तिसऱ्या पेटीतली ती डोकं वर काढलेली अळी काडीने हलकेच उचला. मला तीन गोष्टी सांगा: अळी वेटोळं घालून आहे की घरात लांब उभी? उचलताना अख्खी पिशवीसारखी निघते की चिकट ओघळ येतो? वास आंबूस आहे का?

आणि हे करून झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय चौथ्या पेटीला हात लावू नका. सुरीसुद्धा विस्तवावर धरा.

---

फुगवट्याकाठचा | 21 ऑगस्ट, संध्याकाळी 6:30

लांब उभी. टोक वर, होडीच्या नाळेसारखं. अख्खी निघाली. आत पाण्यासारखं काहीतरी भरलेली पिशवीच. वास नाही. आठ-दहा अशा सापडल्या, काही घरांची झाकणं माश्यांनी कुरतडलेली.

म्हातारबाबा, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. 29 मेला मी त्या पट्ट्या कापताना बायको म्हणाली होती, "त्यांना काही ठेवलंस का?" मी हसलो होतो.

---

काडेपेटी | 21 ऑगस्ट, रात्री 9:10

मग हा पिशवी रोग. सॅकब्रूड, आणि सातेरीत येतो तो बहुधा थायी सॅकब्रूड विषाणू. 1976 मध्ये थायलंडमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला म्हणून ते नाव. 1991-92 मध्ये केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत तो पसरला तेव्हा तिथल्या सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती गेल्या. पिढ्यान् पिढ्या मध काढणारी घरं रिकाम्या पेट्या रचून बसली. दक्षिणेत मेलिफेरा माशी वाढायला तेही एक मोठं कारण.

अळी कोशात जायच्या बेतात असताना मरते. तिची कात सुटत नाही, कातडं आणि शरीर यांच्यामध्ये पाणी साठतं, म्हणून ती पिशवी. आंबूस वास येऊन पिल्लं कोवळ्या वयात, वेटोळ्यातच मेली असती तर तो जिवाणूचा युरोपियन फाउलब्रूड. दोन्हींत गल्लत करू नका.

रोगाचं मूळ विषाणू आहे. औषध नाही. कोणी टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पुडी साखरपाण्यात घालायला सांगेल. घालू नका. विषाणूवर त्याचा उपयोग शून्य, आणि अंश मधात उतरतो.

मग करायचं काय? विषाणूला वाढायला अळी लागते. अळ्याच नसल्या तर साखळी तुटते. राणीला धरून पिंजऱ्यात घाला आणि तीन आठवडे त्याच पेटीत ठेवा. कामकऱ्या जाळीतून तिला भरवतात. तेवढ्या काळात जुनी पिल्लं निघून जातात, मेलेली पिल्लं माश्या साफ करतात, घरं घासून ठेवतात. फार खराब झालेलं पोळं काढून जाळा. मग राणी सोडा. माश्या कमी आहेत म्हणताय, तेव्हा जितकी पोळी माश्यांनी झाकली आहेत तितकीच ठेवा. एकही चौकट चौथीत नेऊ नका. साखरपाणी द्या, पण बाहेर सांडू नका. दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूटमार सुरू झाली की रोग घरोघरी.

आणि ही वसाहत तगली तर तिला जपा. रोग अंगावर काढून उभ्या राहिलेल्या वसाहतींच्या राण्या पुढे वाढवायच्या, त्यांच्यातूनच दक्षिणेत सातेरी पुन्हा सावरली.

---

खडीसाखर | 22 ऑगस्ट, सकाळी 11:00

मी नुसता मध खाणारा. धागा वाचून धक्का बसला. माश्यांना साखरपाणी पाजता? मग आम्ही "शुद्ध रानमध" म्हणून किलोला सहाशे रुपये मोजतो ते काय साखरेच्या पाकाचे?

---

वेण्णेवरचा_म्हातारा | 22 ऑगस्ट, दुपारी 2:20

प्रश्न वाजवी आहे, चिडणार नाही.

साखरपाणी हे दुष्काळातलं धान्य. आमच्याकडे जून ते सप्टेंबर, वरचा कक्ष उतरवलेला असताना. ते माश्या खाऊन टाकतात, साठवण्याइतकं आपण देतच नाही. फुलोरा लागायच्या आधी बंद. जांभूळ फुललेला असताना, वर मधकक्ष चढवलेला असताना जो साखर देतो तो भेसळ करतो, त्याला मधपाळ म्हणू नये. आणि हिरड्याचा मध कधी जिभेवर ठेवा. मागून कडवट येतो. साखरेला ते जमणार नाही.

धागाकर्त्यासाठी प्रमाण: पावसाळ्यात घट्ट पाक, एक लिटर पाण्याला दोन किलो साखर, उकळून गार केलेला. लहान वसाहतीला आठवड्याला पाव किलो साखर पुरते. वाटीत ओतून त्यात काड्या टाक, नाहीतर माश्या बुडतात. संध्याकाळी, पेटीच्या आत. गूळ नको, काकवी नको, त्याने हगवण लागते. परागकणांची उपासमार असेल तर भाजलेल्या डाळ्याचं बारीक पीठ मधात मळून सुपारीएवढी गोळी चौकटींवर. मध आपल्या पेटीतलाच वापर, दुकानातला नको, त्यातून कुठला रोग येईल सांगता येत नाही. थंडी सरता सरता वसाहत वाढवायची असते तेव्हा मात्र पातळ पाक, एकास एक. माशीला वाटतं बाहेर फुलं आली.

---

खडीसाखर | 22 ऑगस्ट, दुपारी 2:45

पटलं. आता कडवट मध कुठे मिळेल तेही सांगा.

---

तिलारीची_माय | 23 ऑगस्ट, रात्री 10:15

मी दोडामार्गातली. चौदा पेट्या, नारळी-पोफळीच्या बागेत. नारळाचं तुरं बारा महिने, त्यामुळे परागकणांची ददात आम्हाला घाटावरच्यांइतकी नाही. आमची दुखणी वेगळी.

पहिली मुंगी. तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा हे सगळेच सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. पावसात गवत वाढतं, एक पातं पेटीला टेकलं की झाला पूल. ओंबील, म्हणजे झाडावरची लाल मुंगी, तर वरच्या फांदीवरून पानं जोडत खाली येते. दर आठ दिवसांनी खालचं गवत कापायचं आणि वरची फांदी बघायची. वाटीतलं पाणीही बदला, डासांची पैदास होते. आमचे हे त्यात जळकं ऑइल घालतात.

दुसरी गांधीलमाशी. पाऊस ओसरला की येते, भाद्रपद-आश्विनात. दारासमोर हवेत तरंगत राहते आणि येणाऱ्या माशीला झडप घालून नेते. एक-दोन असल्या तर सातेरी आपलं बघते. मी डोळ्यांनी पाहिलंय, गांधीण दारात उतरली आणि क्षणात तिच्याभोवती माश्यांचा लिंबाएवढा गोळा झाला. अर्ध्या तासाने सुटला तेव्हा ती मेलेली. मला वाटलं चावून मारली.

पण दहा-पंधरा रोज यायला लागल्या की माश्या दारातून बाहेरच पडत नाहीत आणि मग घर सोडतात. माझा उपाय हसण्यासारखा आहे: डास मारायची बॅटरीची रॅकेट. सकाळी आठ ते दहा स्टूल टाकून बसते. नातू मोजतो. गेल्या वर्षी एका सकाळी 31. शेजारीण विचारते, "काय गो, टेनिस शिकतस?" बरोबरीने दार इतकं बुटकं करायचं की सातेरी शिरेल, गांधीण अडकेल.

तिसरं अस्वल. त्यावर रॅकेट नाही. दोन पेट्या फोडल्या, तेव्हापासून सगळ्या घराच्या अंगणात.

---

काडेपेटी | 23 ऑगस्ट, रात्री 10:50

माय, त्या गोळ्यात चावणं-डसणं फारसं नसतंच. माश्या पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतात आणि आतलं तापमान 45-46 अंशांवर नेतात. गांधीण तेवढ्यात मरते, सातेरी त्याहून दोन-चार अंश जास्त सोसते. सगळा खेळ त्या दोन-चार अंशांचा. युरोपातून आलेल्या मेलिफेराला ही युक्ती इतकी साधत नाही.

रॅकेटची कल्पना मात्र प्रबंधात घालण्यासारखी आहे.

---

खडीसाखर | 23 ऑगस्ट, रात्री 11:05

दोडामार्गात हत्ती येतात ना? मधमाश्यांना हत्ती घाबरतात असं कुठेतरी वाचलं होतं.

---

तिलारीची_माय | 24 ऑगस्ट, सकाळी 6:40

येतात की. खादी आयोगाने 2021 मध्ये कोडगूत हत्तींच्या वाटेवर पेट्या लावायचा प्रयोग सुरू केला, तो वाचून आमच्याकडेही चर्चा झाली. पण रात्री माशी शांत असते आणि हत्ती रात्री येतो. माझ्या चौदा पेट्यांच्या भरवशावर मी केळी लावणार नाही.

---

माणदेशी_पेटारा | 25 ऑगस्ट, रात्री 8:30

सगळे पावसावर बोलताय, आम्ही पावसाची वाट बघणारे लोक. सांगोल्याकडे असतो, मेलिफेराच्या साठ पेट्या. डाळिंबाच्या बागांना परागीभवनासाठी देतो, मग सूर्यफूल, कांद्याचं बियाणं, जिथं फुलं तिथं गाडी.

आमचा शत्रू मेणकिडा नाही, फवारणीचा पंप. दोन वर्षांपूर्वी डाळिंबाच्या हस्त बहरात एका बागेत वीस पेट्या ठेवल्या. मालकाने स्वतः बोलावलं होतं. सकाळी फोन आला, "माश्या पडल्यात." जाऊन बघतो तर दारांपुढे माश्यांचा थर, जिभा बाहेर आलेल्या. शेजारच्या बागेत सकाळी नऊ वाजता फवारणी झाली होती. फुलं उमललेली, माशी कामावर, नेमक्या त्या वेळी. भांडून काय उपयोग? त्याला फुलकिडे दिसत होते, माझ्या माश्या दिसत नव्हत्या.

तेव्हापासून माझा करार तोंडी असला तरी पक्का. बागमालकाबरोबर चारही शेजाऱ्यांकडे जाऊन चहा प्यायचा. फवारणी करायची तर संध्याकाळी माशी घरी परतल्यावर, आणि दोन दिवस आधी फोन. फोन आला की रात्री पेट्या उचलतो. उचलणं शक्य नसेल तर दारं बंद, वर ओलं गोणपाट, पण फार तर दुसऱ्या दुपारपर्यंत. जास्त कोंडलं तर उकाड्यानेच मरतात. पिण्याचं पाणी आपल्या पेटीजवळच ठेवायचं, नाहीतर माशी ठिबकच्या नळीवरचं नाहीतर सरीतलं औषधाचं पाणी पिते.

उन्हाळा आमचा पावसाळा समजा. एप्रिल-मेमध्ये 42 अंशांत मेणाची पोळी मऊ पडून ओघळतात. लिंबाच्या दाट सावलीत पेट्या, वर उसाचं पाचट, दुपारी गोणपाटावर पाणी. अर्ध्या माश्या तर फक्त पाणी वाहतात आणि दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात.

धागाकर्ता भाऊ, पेट्या विकू नका. मी पहिल्या वर्षी अकरातल्या नऊ घालवल्या होत्या.

---

बर्फातला_पुणेकर | 26 ऑगस्ट, सकाळी 5:55

ओंटारिओत मागच्या अंगणात मेलिफेराच्या तीन पेट्या आहेत. इथे पावसाच्या जागी बर्फ. म्हातारबाबांचं 29 मेचं गणित वाचून अंगावर काटा आला, कारण इथे शिकवतात ते हुबेहूब हेच. पेटी फेब्रुवारीत मरते, पण कारण ऑगस्टातलं असतं.

कामाच्या दिवसांतली माशी सहा आठवडे जगते. हिवाळ्यातली पाच-सहा महिने, कारण तिच्या अंगात चरबीचा साठा जास्त. त्या माश्या ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मतात. आणि व्हरोआ नावाची गोचीड नेमकी त्या चरबीवर जगते. म्हणून गोचिडीचा बंदोबस्त आत्ता, याच पंधरवड्यात. माझं उद्याचं काम तेच.

एक गंमत: ही गोचीड मुळात आशियाई सातेरीचीच. सातेरीकडे ती जवळजवळ फक्त नरांच्या पिलाव्यात वाढते, कामकऱ्या एकमेकींच्या अंगावरून काढून टाकतात, त्यामुळे दोघींचं पिढ्यान् पिढ्या निभतं. मेलिफेराला ती सवय नव्हती, म्हणून जगभर हाहाकार.

---

सोसायटीचा_सचिव | 28 ऑगस्ट, दुपारी 12:10

थोडं अवांतर. पुण्यात आमच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर सज्जाखाली मोठं मोहोळ लागलंय. पेस्ट कंट्रोलवाला जाळून देतो म्हणतो. सातेरीच असेल का?

---

वेण्णेवरचा_म्हातारा | 28 ऑगस्ट, दुपारी 3:30

एकच उघडं, मोठं, लोंबतं पोळं असेल तर आग्या. सातेरी अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते. आग्या पेटीत राहत नाही आणि तो कायमचाही राहत नाही. फुलोरा सरला की स्वतःच उठून जातो. जाळू नका, चवताळला तर जीव घेतो. त्या बाजूच्या खिडक्या बंद, रात्री तिकडचा दिवा बंद. फारच अडचण असेल तर पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, 1962 पासूनची. तिथे विचारा.

---

फुगवट्याकाठचा | 14 ऑक्टोबर, रात्री 8:50

मंडळी, जवळपास दोन महिने गप्प होतो. हिशेब देतो.

तिसऱ्या पेटीची राणी धरायलाच मला दोन उघडीपी लागल्या. पिंजऱ्यात घातली, बावीस दिवसांनी सोडली. चारच चौकटी ठेवल्या, दोन जाळल्या. डाळ्याच्या पिठाच्या गोळीकडे पहिले तीन दिवस कोणी ढुंकून पाहिलं नाही, चौथ्या दिवशी संपली. आता तीन चौकटींवर नवीन पिलावा, झाकणं सलग. आजारी अळ्या शोधल्या, दोन सापडल्या.

चौथी पेटी का चिडकी होती तेही कळलं. मागच्या पायाला पेरूची फांदी टेकली होती आणि मुंगळे रात्री चढत होते. तिलारीच्या मायचं वाचून कंदील घेऊन गेलो तेव्हा दिसलं.

व्हायटी आणि आखरा ही रानझुडपं फुललीत. सकाळी दारात पिवळ्या-पांढऱ्या पायांची रांग. माश्या खाणारे वेडे राघू तारेवर येऊन बसायला लागलेत, त्यांचं काय करू?

---

वेण्णेवरचा_म्हातारा | 15 ऑक्टोबर, सकाळी 9:05

काही करू नकोस. दिवसाला थोड्या माश्या खाईल. भरल्या पेटीला ते जाणवत नाही. पेट्या तारेखाली, उघड्यावर असतील तर झाडाच्या आडोशाला घे. रोज फूटभर, लक्षात आहे ना? काळजी एकाच वेळी. नवीन राणी मीलनाला उडते तेव्हा राघूने उचलली तर वसाहत अनाथ. म्हणून राण्या तयार करायच्या दिवसांत परत बघू.

दोन सापडल्या त्या लिहून ठेव. पुढच्या वेळी किती, तेही.

---

फुगवट्याकाठचा | 21 जानेवारी, संध्याकाळी 7:20

तिसरीत आज एकही आजारी अळी नाही. सहा चौकटी माश्यांनी गच्च. नरांची घरं दिसायला लागलीत, ती मधोमध भोक असलेली टोपी ओळखता आली. चौथीत पोळ्याच्या खालच्या कडेला दोन राणीघरं, शेंगदाण्यासारखी, अजून बंद झालेली नाहीत. म्हणजे घर फुटून निम्म्या माश्या उडून जाणार ना? राणीघरं मोडू की विभाजन करू?

विचाराल म्हणून आधीच सांगतो, साखर बंद करून तीन आठवडे झाले. आणि खालच्या चौकटींवर बायकोने खडूने लिहिलंय: "ह्या त्यांच्या."

---

वेण्णेवरचा_म्हातारा | 21 जानेवारी, रात्री 8:00

चौथीची राणीघरं मोडून टाक. विभाजन तिसरीचं करायचं, रोगातून उठलेली ती आहे. तिला आता पातळ पाक चालू कर, जांभळाला अजून अवकाश आहे. नरांची घरं फुटायला लागली, हवेत नर दिसले की फोन कर. मी येतो. रिकाम्या दोन पेट्या धुऊन वाळवून ठेव, खाचांत मेणकिड्याचे कोश राहिलेत का ते सुईने बघ.

आणि येताना वहिनींच्या हातची भाकरी खाणार आहे, त्यांना सांगून ठेव.